अवकाश: जागेचा शब्द की वेळेचा?

प्रश्न असा आहे: ‘अवकाश आणि काळ खरे आहेत का, दाखवून देता येतात का, यावरचा एक लेख वाचताना अडखळले. आमची आजी "पानं घ्यायला अजून अवकाश आहे" म्हणायची. मग अवकाश म्हणजे काळच ना?’

आजीचंही बरोबर आणि लेखाचंही. अवकाश म्हणजे मधली मोकळीक, मग ती दोन भिंतींमधली असो की दोन घटनांमधली. ‘सावकाश’ फोडून पाहा: स + अवकाश. हाताशी मोकळीक ठेवून केलेलं ते सावकाश. ‘तिनं हाक मारायचा अवकाश, की वासरू धावत आलं’ यात तीच मोकळीक चिमटीएवढी होते. हिंदीत अवकाशाची सुट्टी झाली. मराठीनं जागा आणि वेळ दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात जपले, याचं मला फार अप्रूप वाटतं. (‘अवकाळी’ पावसाचा मात्र याच्याशी संबंध नाही, तो अव + काळ.)

आता ‘दाखवून देता येतात का’. धातू आहे काश्, म्हणजे चमकणे, दिसणे. प्रकाश, आकाश हे त्याचेच. पण अवकाश स्वतः दिसत नाही. लग्नातलं घटिकापात्र आठवा. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. डोळ्यांना दिसली ती बुडणारी वाटी. काळ आपण त्यावरून ओळखला.

वैशेषिकांनी, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातल्या एका शाखेच्या विचारवंतांनी, नेमकं हेच म्हटलं. जग ज्यांचं बनलंय असं ते मानत, त्या नऊ द्रव्यांत काल आणि दिक् (दिशा, जागा) आहेत, म्हणजे दोन्ही खरे. पण ते कळतात अनुमानानं. थोरला-धाकटा म्हणतो त्यावरून काल, जवळ-लांब म्हणतो त्यावरून दिक्. आधुनिक भौतिकशास्त्रातल्या ‘अवकाशकाला’चंही, म्हणजे एकत्र धरलेल्या अवकाश आणि काळाचंही, तसंच. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकालातच उठणारे तरंग, टिपल्या, तेव्हा वेधशाळांच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी अंतरानं बदलली होती. तो बदल लेसरच्या प्रकाशावरून ताडला. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायची आहे.

म्हणून ‘दाखवता येतात’ऐवजी मी ‘ताडता येतात, मोजता येतात’ असं लिहीन. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द इथे नको. तो वाटीसाठी ठेवावा.