पेपर एवढे आहेत, तरी आरएफई का आला?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरचा, विजापूर रोडला घर आहे आमचं. बीई इथंच झालं, मग अमेरिकेत पीएचडी केली आणि आता तिथंच पोस्टडॉक करतोय, सध्या सुट्टीला घरी आलोय. पाण्यातून पीएफएएस काढायचं माझं काम, म्हणजे कापडावर पाणी थांबू नये म्हणून किंवा नॉनस्टिक भांड्यांसाठी जी केमिकल्स वापरतात ना, ती. ईबी-२ मधून, म्हणजे उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्ड गटातून, नॅशनल इंटरेस्ट वेव्हरसाठी (देशहितासाठी नोकरीच्या ऑफरची अट माफ करतात ते) आय-१४० हा अर्ज मी स्वतःच भरला, वकील घेतला नाही. आता तिथल्या इमिग्रेशन खात्याचा आरएफई, म्हणजे अजून पुरावा मागणारा कागद, आलाय की कामाचं राष्ट्रीय महत्त्व दिसत नाही. १४ रिसर्च पेपर आहेत, ३०० च्या वर सायटेशन्स आहेत, म्हणजे इतरांनी त्यांच्या पेपरात माझे दाखले दिलेत, गाइडचं पत्र जोडलंय, अजून काय पाहिजे? आणि बाबा रोज विचारतायत, हे पास झालं की ग्रीन कार्ड ना?

उत्तर : आधी घाबरणं सोड, आरएफई म्हणजे नकार नाही, अजून पुरावा द्या एवढंच म्हणतायत ते. मलाही आला होता, तेव्हा दोन रात्री झोप नव्हती, म्हणून तुझी घालमेल कळते मला.

तू पाठवलेला अर्ज वाचला. त्यांनी विचारलंय एक आणि तू सांगतोयस दुसरंच. असल्या अर्जांबद्दलच्या २०१६ च्या धनासर निकालापासून ते तीन गोष्टी बघतात, तू पुढं जे काम करणार त्याला मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते पुढं न्यायला तू योग्य माणूस आहेस का, आणि नोकरीची ऑफर नि लेबर सर्टिफिकेशनची (त्या कामाला तिथला माणूस मिळत नाही हे कंपनीनं दाखवायचं) अट सोडण्यात देशाचा फायदा आहे का. पेपर, सायटेशन्स हे सगळं दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर झालं, पहिला कोराच राहिलाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लहानपणी रंगाचं पाणी बघितलं त्यावर तू दोन पॅरा लिहिलेस, ते वाचून मला भरून आलं खरं, पण तिथल्या ऑफिसरला त्याच्या देशाचं पाणी दाखवायला पाहिजे की रे. त्यांच्या ईपीएनं, म्हणजे पर्यावरण खात्यानं, २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या पीएफएएसमधल्याच दोन केमिकल्सना ४ पार्ट्स पर ट्रिलियनची मर्यादा घातली, ही तुझ्याच विषयातली गोष्ट आणि अर्जात एका ओळीतपण नाही! ती मर्यादा गाठायला तुझी पद्धत कुठं उपयोगी पडेल, एका लॅबच्या बाहेर कुणाला, हे आकड्यांसकट लिही.

पत्रांचं पण तेच. माझी पहिली पाचही पत्रं माझ्याच प्रोफेसरांची नि सोबत काम केलेल्यांची होती, सगळ्यात हुशार, मेहनती, मनमिळाऊ, स्थळ बघायला आल्यासारखं! मग एका वॉटर प्लांटच्या इंजिनिअरचं पत्र मिळालं, मला कधी न भेटलेला माणूस, त्यानं फक्त लिहिलं की माझ्या पेपरातली टेस्ट आम्ही वापरली आणि फिल्टर कधी बदलायचा ते ठरवलं. तसलं एक पत्र शोध, तुला साइट करणाऱ्यांना ईमेल टाक, लाजू नको.

उत्तर मात्र एकाच वेळी, सगळं एकत्र पाठव. थोडं आत्ता, थोडं नंतर असं चालत नाही, जे पोचलं त्यावरच निर्णय होतो. आणि अर्ज भरल्यानंतर आलेल्या पेपरांवर भिस्त ठेवू नको, भरला त्या दिवशी तू पात्र होतास का तेच बघतात.

आता बाबांचं. त्यांना आजच खरं सांग, पेढे वाटल्यावर सांगणं फार जड जातं, आमच्या घरी तेच झालं. आय-१४० पास होणं म्हणजे रांगेत नंबर लागणं. ही रांग जन्माच्या देशावर चालते, कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्केच वाटा, म्हणून भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून जास्त मागं आहे. तरी नंबर वाया जात नाही. पुढं ईबी-१ या वरच्या गटातून भरलंस तरी हा अर्ज भरल्याचीच तारीख धरता येते, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलास तर सहा वर्षांनंतर मुदत वाढवून मिळते. ईबी-१ए, म्हणजे ईबी-१ मधला असामान्य कामगिरीवाल्यांचा अर्ज, आत्ता घाईत नको, दहापैकी तीन निकष तू कागदावर दाखवशील पण त्यानंतर सगळं एकत्र तोलतात, तिथं अजून एक-दोन वर्षांचं काम लागेल असं मला वाटतं.

आणि बाबांना एक काम दे, पुढं ग्रीन कार्डच्या वेळी लागेलच. महापालिकेतून तुझा जन्मदाखला काढून आणायला सांग आणि त्यावर तुझं नाव आहे का बघ, जुन्या नोंदीत नुसतंच 'मुलगा' असतं बऱ्याचदा. आई-बाबांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून बघ, चूक असेल तर तू इथं आहेस तोवरच दुरुस्तीचा अर्ज टाकून जा.