रोजच्या साध्या कामांत ख्रिस्ती श्रद्धेने जीवनाचा हेतू कसा शोधावा?

त्यासाठी आधी काम बदलण्याची गरज नाही. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असे प्रेषित पौल बायबलमधील कलस्सैकरांस पत्रात (3:23) लिहितो. आणि मला फार मोलाचे वाटते ते हे, की हे शब्द मुळात दासांना, म्हणजे स्वतःचे काम निवडण्याची मुभाच नसलेल्या माणसांना उद्देशून आहेत. 17व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स या मठवासीयांनी स्वयंपाकघरात राबतानाच देवाच्या सान्निध्यात राहण्याचा सराव केला. सेवेचीही सुरुवात जवळून करावी, कारण भुकेल्या, आजारी किंवा बंदिवान माणसासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, असे येशू सांगतो (बायबल, मत्तय 25). आज ज्याला आपली गरज आहे अशा एकाच व्यक्तीसाठी प्रार्थना करावी आणि आजच तिला भेटावे.