ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमच्या नव्या भागात बग (प्रोग्राममधल्या चुका) निघाले तर खेळणारे एवढे का भडकतात? घ्यावा की थांबावं?

तुम्ही लिहिलंय की जुना भाग तुम्ही तीनेकशे तास खेळलात, आता नवा आलाय आणि जिकडे बघावं तिकडे नुसत्या शिव्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: थांबा. निदान सहा महिने. आता भडकण्याचं.

मी साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. काही वर्षांपूर्वी असाच एक नवा भाग आला, तो मी पहिल्याच दिवशी घेतला. नाव घेत नाही, कारण आता तो व्यवस्थित चालतो. पहिले तीस-चाळीस टर्न, म्हणजे खेळातल्या पाळ्या, झकास गेले. मग एका टर्नला ‘पुढे’ दाबलं की गेम बंद. पुन्हा उघडा, पुन्हा दाबा, पुन्हा बंद. लॅपटॉप जुना, त्यामुळे मी दोष त्यालाच दिला. पोवई नाक्याजवळ एकाकडे नेला. त्याने रॅम वाढवली, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली आणि २,८०० रुपये घेतले. घरी आणला, त्याच टर्नला तसाच बंद.

महिन्याभराने पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारा अपडेट, आला, ९ जीबीचा. माझा डेटा दिवसाला दीड जीबी. सांगलीला विश्रामबागेत मावसभावाकडे वायफाय आहे, म्हणून शनिवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीने गेलो. रात्रभर पॅच उतरला. सकाळी उघडतो तर जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला डाव, नव्या आवृत्तीत चालेना. सगळी मोहीम पहिल्यापासून. मावशी म्हणाली, “एवढ्यासाठी आलास होय रे? भडंग तरी घेऊन जा.” भडंग घेऊन परत आलो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे राग कुठून येतो ते यात आहे. गोळ्या झाडायच्या गेममध्ये बग आला तर तुम्ही मरता, पाच मिनिटांत पुन्हा तिथेच पोचता. इथे एक मोहीम चाळीस-पन्नास तासांची. कुठल्या सरदाराला कुठे ठेवलं, कोणाशी तह केला, कुठला सुभा मुद्दाम सोडून दिला, हे सगळं महिनाभर डोक्यात चालू असतं. तिसाव्या तासाला ते गेलं तर पैशांचं कोणी विचारत नाही, गेलेल्या रात्री आठवतात. आणि पैसे मागायचे तरी कसे? स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून परतावा मिळतो, पण खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर. दोन तासांत अशा गेममध्ये माणसाला कराचा तक्ता जेमतेम कळतो. बग निघेपर्यंत मुदत केव्हाच संपलेली असते. मग उरतं काय, तर लाल अंगठा आणि दोन ओळी शिव्या.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘टोटल वॉर: रोम २’. ३ सप्टेंबर २०१३ ला आला. पहिला ‘रोम’ २००४ चा. नऊ वर्षांत लोकांनी त्यावर मॉड (खेळणाऱ्यांनीच केलेले बदल) चढवून चढवून तो अगदी हातात बसवला होता. आणि नव्याची तुलना झाली ती त्या घासूनपुसून झालेल्या जुन्याशी. शंभरावर सत्ता नकाशावर, त्यामुळे तुमचा टर्न संपला की बाकीच्यांचे टर्न होईपर्यंत चहा करून यावा. मोकळ्या मैदानातल्या लढाईतही एक झेंडा धरून ठेवायचा नियम, जो पुढे काढावा लागला. संगणकाची फौज वेढा घालायला यायची आणि तटाखाली उभी राहायची. मालिकेच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरने जाहीर माफी मागितली, पॅचमागून पॅच आले, वर्षभराने ‘एम्परर एडिशन’ आली आणि ज्यांच्याकडे गेम होता त्यांना ती फुकट मिळाली. घराण्याची वंशावळ, जी पहिल्या भागात होती, ती परत यायला २०१८ उजाडलं. सिक्वेलमधून आधीची गोष्ट काढली की लोक तिला बगच म्हणतात. तो बग नसतो, पण राग तोच असतो.

आपल्याला जवळचं म्हणजे त्याआधीचा ‘एम्पायर: टोटल वॉर’, २००९ चा. त्यात मोहीम १७०० साली सुरू होते आणि मराठे घेऊन खेळता येतं. मला घराच्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. त्याच १७०० च्या एप्रिलमध्ये, चारेक महिने वेढा सोसून, तो औरंगजेबाच्या हाती गेला. त्याआधी महिनाभर राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. (वेढ्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवला तो उलटून त्यांच्याच अंगावर आला आणि त्यांचेच कितीतरी लोक गाडले गेले. घाईत बाजारात आणलेल्या गेमची बातमी वाचली की मला हटकून हेच आठवतं.) तर अशा साली सुरू होणारा गेम, आणि बाजारात आला तेव्हा त्यात संगणकाच्या हातातले देश समुद्रावरून फौजच उतरवत नव्हते! अठराव्या शतकाचा खेळ, आणि इंग्रज जहाजातून पायउतार व्हायला तयार नाहीत. मराठ्यांना बरंच की, असं म्हणाल. पण मग पश्चिम किनारा सांभाळायचा कोणापासून? काही महिन्यांनी पॅचने ते सुधारलं. या प्रकारचे गेम घेणाऱ्याला इतिहास थोडाफार ठाऊक असतो, म्हणून इथला बग दुप्पट बोचतो.

आता शिव्या वाचायच्या कशा ते. सगळ्या बगवरच्या नसतात. त्याच ‘रोम २’ वर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, वाईट अभिप्रायांचा पाऊस पडला, तो स्त्री सेनापती दिसतात यावरून. त्यामुळे तारीख बघा. अभिप्रायाशेजारी खेळलेले तास असतात तेही बघा. दीड तास खेळून ‘भंगार’ लिहिणाऱ्याचा कॉम्प्युटरच कमी पडला असू शकतो. साठ तास खेळून “शंभराव्या टर्ननंतर बंद पडतो” असं लिहिणाऱ्याचं मात्र नीट ऐका.

“पुढे सुधारतीलच” यावरही विसंबू नका. ‘इम्परेटर: रोम’ हा वेगळाच गेम एप्रिल २०१९ मध्ये आला, लोकांनी तोंड फिरवलं, फेब्रुवारी २०२१ ला २.० आवृत्तीत तो खरोखर चांगला झाला, आणि काही महिन्यांतच त्यावरचं काम थांबवलं गेलं. तोवर खेळणारे उरलेच नव्हते.

तुमच्याकडे जुना भाग आहेच. त्यावर एखादा मोठा मॉड टाका, ‘एम्पायर’ला डार्थमॉड किंवा ‘रोम २’ला डिव्हाइड एट इम्पेरा असतो तसा. माझा मावसभाऊ अजून जुन्यावरच आहे. परवा फोन केला तर म्हणाला, “दादा, नंतर बोलू, पाणी चढायच्या आत नदी ओलांडायचीय.” कृष्णा म्हणतोय की ऱ्हाइन, ते मी विचारलं नाही.