शस्त्रपरवाना : तेच ते प्रश्न

एअरगनला परवाना लागतो का? (सिडको)
बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमीपर्यंत आणि छर्रा सुटतानाची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर नाही.

मळ्यात बिबट्या येतो. एजंट महिन्याभरात बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना काढून देतो म्हणतो. (निफाड)
बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर बार टाकलात तर तुरुंगात तुम्ही जाल, एजंट नाही. वनविभागाला १९२६ वर कळवा. परवाना ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात, नाशिक शहरात पोलीस आयुक्त. पडताळणी पोलीस करतात, त्यात एजंटाचं काम काय? परवान्यासाठी लागणारा प्रशिक्षणाचा दाखला घरबसल्या विकणारेही त्यातलेच.

वडिलांच्या नावावर तीन हत्यारं आहेत. (सिन्नर)
शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर मर्यादा दोन. तिसरं जमा करायची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. आता वकिलाला सोबत घेऊनच पोलीस ठाण्यात जा.

वरातीत हवेत एखादा बार चालतो ना? (पंचवटी)
नाही. २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून धास्ती वाटते. आपला कायदा कडक आहे. मग यजमानांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर घरात असलं तरी काळजी नको ना? मुलगा सोळा वर्षांचा आहे. (गंगापूर रोड)
काळजी हवी. कायदा कडक आहे तो हत्यार उंबऱ्याच्या आत येईपर्यंत. पुढचं सगळं तुमच्या कपाटावर. २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, ती हल्लेखोराच्या आईनं रीतसर विकत घेतलेल्या बंदुकांनी. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये चार विद्यार्थी गेले. पिस्तूल हल्लेखोर मुलाच्या बापानं चारच दिवस आधी आणलेलं. २०२४ मध्ये तिथे आईबाप दोघांनाही शिक्षा झाली. तिकडे बंदी की हक्क यावर वाद चालू राहील, पण कुलपाला कोणाचा विरोध असायचं कारण नाही.

यजमानांना सांगा : नळी सुरक्षित दिशेला धरून सिलिंडर बाहेर काढायचा, त्यातलं काडतुसाचं प्रत्येक घर डोळ्यानं आणि बोटानं तपासायचं. रिकामं रिव्हॉल्व्हर भिंतीला बोल्टनं पक्क्या केलेल्या पोलादी तिजोरीत. काडतुसं दुसऱ्या कुलपात, मोजून, आकडा लिहून. किल्ली देवघरात किंवा साड्यांखाली नको, ती जागा पोरांना आधी कळते. नंबरचं कुलूप असेल तर कोणाचीही जन्मतारीख नको. तुम्ही स्वतः हत्याराला हात लावू नका, परवाना त्यांचा आहे.

मुलगा बोलेनासा झाला, झोप उडाली, मरणाच्या किंवा सूड घ्यायच्या गोष्टी करू लागला, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नका. हत्यार त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा ठेव घ्यायची परवानगी असलेल्या विक्रेत्याकडे ठेवायचं, पावती घ्यायची. मग मानसोपचारतज्ज्ञ; तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६.

परवान्याची मुदत गेल्या महिन्यात संपली. सहा महिने सवलत असते असं ऐकलं. (इंदिरानगर)
कोणाकडून ऐकलंत? मुदत संपली की हत्यार घरात ठेवणं बेकायदा. आधी ते जमा करा, नूतनीकरणाचं नंतर परवाना शाखेत विचारा.