ग्रेट डेनला पैलवानाचा खुराक नको

दादा, गोडोलीत रो-हाऊस आहे, घरात आई-वडील आणि पाच वर्षांची पोरगी, तर ग्रेट डेन कुत्रं आणू का, चावेल का आणि पिल्लाला दूध-अंडी किती घालू, असं विचारलंयत तुम्ही. चावण्याचं टेन्शन मला तरी सगळ्यात कमी वाटतं, खरी भीती त्या दूध-अंड्यांची.

आमचा डेन साताऱ्यातच वाढला. नावात डेन असलं तरी ही जात जर्मनीची, रानडुकराच्या शिकारीची, पण आताचा स्वभाव म्हणजे थोराड मांजर. आई पायरीवर बसली की हा उलटा फिरून तिच्या मांडीवर बूड टेकायचा, पुढचे दोन पाय जमिनीवरच, आणि आई ओरडायची, अरे मेल्या मी मरते की. उभ्या माणसाला अख्खं अंग टेकून उभं राहायचं ही तर त्यांची खोडच, तुमची पोरगी त्यात हमखास पडणार, मुद्दाम नाही करत तो पण नर ६३ ते ७९ किलोपर्यंत जातो. शेपटीने टीपॉयवरचे कप गेलेच म्हणून समजा, आणि लाळ पुसायला खांद्यावर टॉवेल. ट्रेनिंग सहा महिन्यांच्या आत सुरू करा, नंतर तो तुम्हाला ओढत अजिंक्यताऱ्यावर नेईल. एकटं ठेवलं की मात्र खचतो, रानात वस्तीवर राखणीला हवा असेल तर सरळ मुधोळ घ्या.

आता खाणं. आपल्याकडे मोठं कुत्रं म्हटलं की तालमीतल्या पोरासारखा खुराक चालू होतो, दूध, अंडी, वरनं कॅल्शियमचं औषध, आणि चार महिन्यांत केवढं झालं म्हणून फोटो. तिथंच वाट लागते. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, सगळं अंगात शिरतं आणि हाडं वेडीवाकडी वाढतात, त्यात वजन वाढलं की सांध्यांवर लोड. हा जवळजवळ दोन वर्षांचा होईपर्यंत वाढतच असतो, घाई कशाला? मोठ्या जातीच्या पिल्लांचं फूड द्या, वरनं कॅल्शियम नको, आणि बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. शेजारी म्हणतील उपाशी ठेवलंय, म्हणू द्यात.

दुसरं म्हणजे पोट. ह्या जातीत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका सगळ्या जातींत जास्त धरतात. आमचा चार वर्षांचा असताना रात्री जेवला आणि लगेच अंगणात हुंदडला, अकराच्या सुमारास ओकायला बघतोय पण फक्त फेस, सारखा पोटाकडे वळून बघतोय, हात लावला तर पोट डफासारखं ताणलेलं. जवळच्या डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन देऊन सकाळी बघू म्हणून पाठवलं. आम्ही थांबलो नाही, मागच्या सीटवर आडवा टाकला आणि पुण्याकडे सुटलो, खंबाटकीच्या बोगद्यात त्याचा श्वास ऐकू येत होता तेवढा पुरेसा होता मला. ऑपरेशन झालं, जठर सरळ करून पोटाच्या आतल्या भिंतीला टाके घालून बसवलं, वाचला. हेच टाके नसबंदीच्या वेळीच घालून घेता येतात, पुन्हा पीळ पडायचा धोका खूप कमी होतो, मी आता प्रत्येकाला तेच सांगतो. दिवसात दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्या, जेवणानंतर तासभर पळापळ नको. आणि दुकानदार उंच स्टँडवर भांडं ठेवा म्हणतात ना, पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यानं धोका वाढलेला दिसला होता, मी खालीच ठेवायचो.

बाकी केस आखूड त्यामुळे पावसाळ्यात कुडकुडतो, फरशीवर झोपला की कोपरांना घट्टे पडतात, जाड गादी लागेलच.

आणि आयुष्य कमी, सात ते दहा वर्षं. गिनीजमध्ये नाव असलेला मिशिगनचा झ्यूस १११.८ सेंटिमीटर उंच होता, पाच वर्षांचा असतानाच गेला. आमचा आठ पुरे व्हायच्या आत हृदयाच्या आजारानं गेला, तोही ह्या जातीत फार दिसतो. म्हणून पिल्लाचे आईबाप बघा, हृदय तपासलंय का विचारा, टाळाटाळ केली तर परत या.

ॲडव्हान्स द्यायच्या आधी मात्र रात्री दोनला पोटाचं ऑपरेशन कोण करेल ते शोधून नंबर फ्रिजवर लावा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं रात्रीचं कोण असतं तेही विचारून ठेवा. हे जमलं की मला मेसेज करा, आमच्याची गादी अजून माळ्यावर आहे, घेऊन जा.