आधी पाणी मोजा, जाळी मग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत: फाटकाजवळ, रॅम्पवर किंवा स्वयंपाकघरात बसवायची जाळीची नाली. हार्डवेअरच्या दुकानात तिला ट्रेंच ड्रेन किंवा चॅनेल ड्रेन म्हणतात. जवळजवळ प्रत्येक पत्राची सुरुवात ‘कोणती जाळी घ्यावी?’ अशी आहे. जाळी ही शेवटची खरेदी. तिच्याआधी पाणी किती येतं आणि ते जाणार कुठे, हे ठरवावं लागतं.

प्रश्न : आमचा बंगला चिपळूणजवळ आहे. घर रस्त्यापेक्षा खाली असल्यामुळे पावसाळ्यात फाटकातून आलेलं पाणी थेट गॅरेजच्या शटरखालून आत शिरतं. वाट १८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आहे. छपराच्या एका बाजूच्या पागोळ्याही त्याच वाटेवर पडतात. दुकानदार १०० मिमी रुंदीची तयार नाली पुरेल म्हणतो. खरंच पुरेल का?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची वाट ७२ चौ. मी.; छपराची ती बाजू ६० चौ. मी. च्या आसपास धरली, तर एकूण सुमारे १३० चौ. मी. कोकणातल्या जोरदार सरीसाठी तासाला १०० मिमीचा वेग धरा. तासाला १३,००० लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ३.६ लिटर.

आतून १०० मिमी रुंद, तेवढीच खोल भरून वाहणारी आणि १:२०० उताराची (दर २०० मिमीला १ मिमी खाली जाणारी) सिमेंटची नाली स्वच्छ असताना सेकंदाला साडेपाच लिटरच्या आसपास नेते. म्हणून दुकानदाराचं उत्तर कागदावर बरोबर आहे. पण तळाशी लाल माती बसते, जाळीवर आंब्या-फणसाची पानं चिकटतात. गाळासाठी निम्मी क्षमता सोडली, तर १०० मिमीची नाली कमी पडते. १५० मिमी रुंदीची घ्या. १५० मिमी खोल भरून वाहिली तर तिची क्षमता तिप्पट होते, म्हणजे निम्मी सोडूनही ती तुम्हाला पुरून उरते.

नाली शटरला समांतर, वाटेच्या सर्वांत खालच्या जागी, पूर्ण ४ मीटर रुंदीत हवी. एका टोकाला दहा सेंटिमीटर फट राहिली, तरी पाणी ती शोधतं. वरच्या टोकाला आतली खोली १८० मिमी, निकासाच्या टोकाला २०० मिमी ठेवा; ४ मीटरला १:२०० उतार म्हणजे नेमके २० मिमी. फरसबंदीची कड जाळीपेक्षा ३ ते ५ मिमी वर ठेवा. गवंडी हौसेने जाळी कडेपेक्षा वर ठेवतात आणि पाणी तिला अडून बाजूने निघून जातं. शटरचा उंबरा जाळीपेक्षा निदान २० मिमी उंच ठेवा आणि मधल्या पट्टीला जाळीकडे उतार द्या.

खरी फसगत निकासाच्या पाइपात होते. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप १:१०० उतारावर सेकंदाला सात लिटरच्या आसपास नेतो, ७५ मिमीचा जेमतेम अडीच लिटर. म्हणजे दीडशेची नाली घेऊन तिला पंचाहत्तरचा पाइप जोडला, की पाणी पुन्हा शटरखाली. पाइप सुरू होण्याआधी ३०० × ३०० मिमीचा गाळचेंबर, म्हणजे गाळ खाली बसण्यासाठीचा खड्डा, ठेवा. रस्ता वर असल्यामुळे निकास रस्त्याच्या गटारात नेता येणार नाही. घराच्या खालच्या अंगाला वहाळ (ओढा) असेल तर तिकडे न्या. वहाळ भर पावसात जिथपर्यंत चढतो, त्या खुणेच्या वर पाइपाचं तोंड हवं. गवंडी पातळी पाहायला वापरतात त्या पाण्याच्या नळीने ही उंची आधी तपासा, खोदाई त्यानंतर. सेप्टिक टँकला हे पाणी चुकूनही जोडू नका. टाकी भरून मैला संडासातून उलटा येतो. आणि फाटकाशी ७५ ते १०० मिमी उंचीचा उतरता उंचवटा केला, तर रस्त्याचं बरंचसं पाणी बाहेरच वळेल.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या प्रवेशावरची लोखंडी जाळी प्रत्येक गाडीला खडखडते. पहिल्या मजल्यावरच्या लोकांची झोप उडाली आहे. दोन वर्षांत तिच्या पट्ट्याही वाकल्या. उन्हाळ्यात रोज टँकर येतो. जाळी बदलून द्यायची, तर कोणती?

आधी वाकण्याचं कारण पाहू. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. मागच्या ॲक्सलच्या एका बाजूला पाच टनांच्या आसपास भार येतो. फॅब्रिकेटर सहसा २५ × ५ मिमीच्या उभ्या पट्ट्या वापरतो. तुमची नाली २५० मिमी रुंद धरली, तर एवढ्या भाराला त्या टिकत नाहीत. पट्टीची उंची दुप्पट केली की ताकद चौपट होते, म्हणून ५० × ६ मिमीच्या पट्ट्या ३० मिमी अंतरावर घ्या. जाडी वाढवून एवढा फायदा होत नाही, वजन मात्र वाढतं.

दुसरी चूक पट्ट्यांच्या दिशेची. भार पेलणाऱ्या पट्ट्या नालीच्या रुंदीत आडव्या, दोन्ही टोकं चौकटीवर टेकलेल्या असायला हव्यात. तयार जाळीच्या पॅनेलमधून तुकडे कापताना कारागीर कधी जाळी फिरवतो. मग मुख्य पट्ट्या नालीच्या लांबीत जातात आणि सगळा भार बारीक जोडसळ्यांवर येतो. पहिल्याच टँकरला झोळ पडतो. पैसे देण्यापूर्वी हे एकदा वाकून बघा.

तयार बिडाची जाळी घेणार असाल, तर भाराचा वर्ग पाहा. मॅनहोलच्या झाकणांसाठीच्या आयएस १७२६ या भारतीय मानकात २.५, १०, २० आणि ३५ टन असे वर्ग आहेत; जाळ्यांवरही दुकानदार तीच भाषा वापरतात. तयार चॅनेलवर युरोपीय खुणा दिसतात: ए १५ म्हणजे दीड टन, फक्त पादचारी, बी १२५ म्हणजे साडेबारा टन, मोटारी, डी ४०० म्हणजे चाळीस टन, रस्त्यावरची जड वाहतूक. तुमच्या फाटकातून अग्निशमनाची गाडीही आत यायची आहे. म्हणून २० टनांच्या खालचं काही नको. डी ४०० मिळत असेल तर तेच घ्या. बिडाला भंगारात चांगला भाव येतो म्हणून जाळ्या चोरीला जातात, तेव्हा बोल्टने बांधता येणारीच जाळी निवडा.

खडखड मात्र जाळी बदलून थांबेलच असं नाही. दोष बहुधा चौकटीत असतो: अँगल एका पातळीत नसतो किंवा त्याखालचं काँक्रीट पोकळ झालेलं असतं. हातोडीने ठोकून पाहा, भदभद आवाज आला तर पोकळ. मग चौकट उचकटून नवीन करावी लागेल. ५० × ५० × ६ मिमीचा अँगल घ्या. त्याला दर ३०० मिमीवर होल्डफास्ट (काँक्रीटमध्ये रुतून अँगल धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) वेल्ड करा आणि दोन्ही बाजूंना १५० मिमी एम २० प्रतीचं काँक्रीट भरा. काँक्रीट भरताना जाळ्या किंवा लाकडी ठोकळे चौकटीत बसवूनच ठेवा. नाहीतर अँगल आत झुकतो आणि जाळी बसत नाही. मग ती ग्राइंडरने घासून बसवली जाते, हीच खडखडीची सुरुवात. बैठकीवर ५ मिमी जाड निओप्रीन रबराची पट्टी चिकटवा. सात दिवस पाणी मारा. टँकर २८ दिवस दुसरीकडे उभा करून लांब नळीने पाणी घ्या. सभासद कुरकुरतील, पण हे टाळू नका.

प्रश्न : कोल्हापुरात खानावळ आहे. भट्टीसमोरची प्लास्टिकची नाली वाकडी झाली आणि तुंबते. काय बसवू?

साधं पीव्हीसी उकळत्या पाण्यासाठी नसतंच, ते मऊ पडतं. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, २ मिमी पत्र्याची, कोपरे गोल असलेली नाली घ्या. तळाला १:१०० उतार हवा. ती सबंध स्वयंपाकघरभर नको. भट्टीसमोर आणि भांडी घासण्याच्या जागी पुरे, कारण जेवढी लांबी तेवढी घासाघीस. तोंडाशी उचलता येणारी जाळीची टोपली आणि ५० मिमी पाणी धरणारा ट्रॅप हवाच. ट्रॅप नसेल तर झुरळं आणि वास दोन्ही आत येतात. रश्श्यावरचा कट गरम असताना पाण्याबरोबर जातो आणि पुढे पाइपात थंड होऊन थिजतो. तुंबण्याचं मूळ तिथे आहे. म्हणून गटाराला जोडण्याआधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी टाकी, बांधा, गर्दीच्या वेळचं निदान अर्ध्या तासाचं पाणी मावेल एवढा, आणि वर आलेला थर दर आठवड्याला काढा. ब्लीचिंग पावडर नालीत टाकून ठेवू नका, स्टीलला बारीक भोकं पडतात.

प्रश्न : परभणीत दुकानासमोर १२ मीटर नाली केली. दोन उन्हाळ्यांत तीन ठिकाणी तडकली.

काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. वरची नाली तिच्याबरोबर हलते. तळाची माती निदान ३०० मिमी काढून मुरूम भरा, १५० मिमीच्या थरांनी चोपून. वर १०० मिमी पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट), मग नाली. दर ३ मीटरवर सांधा सोडून तो लवचिक सीलंटने भरा, सिमेंटने नाही. पाणी शोषखड्ड्यात सोडायचा विचार असेल तर सोडून द्या. ही माती ओली झाली की पाणी घेत नाही. नाल्यापर्यंत पाइप न्या.

प्रश्न : गाळचेंबरमध्ये पाणी साचून डास होतात. चेंबर बुजवू का?

बुजवू नका, गाळ पुढे पाइपात जाईल. पावसाचंच पाणी असेल तर चेंबरच्या तळाला २० मिमीची दोन भोकं पाडून खाली खडी भरा. सर ओसरली की पाणी जिरेल. काळ्या मातीत हे जमणार नाही, तिथे आठवड्यातून एकदा डब्याने उपसावं लागेल. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याची पाळी चुकवू नका.