क्युबेक कॅनडातून फुटू शकतं का?

प्रश्न: क्युबेकमध्ये सार्वमतात ५१ टक्के लोक हो म्हणाले तर तो प्रांत लगेच वेगळा देश होईल का?

उत्तर: लगेच तर अजिबातच नाही. १९९५च्या सार्वमतात ‘नाही’ ५०.५८ विरुद्ध ‘हो’ ४९.४२ टक्के असा निकाल लागला, फूट थोडक्यात टळली, मग १९९८ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकतर्फी फुटता येणार नाही पण प्रश्न आणि बहुमत दोन्ही स्पष्ट असेल तर बाकीच्या कॅनडाला वाटाघाटी कराव्याच लागतील, मला तरी हे फार शहाणपणाचं वाटतं. आता स्पष्ट बहुमत म्हणजे नक्की किती ते कॅनडाच्या संसदेने फुटण्याबाबत केलेल्या २०००च्या क्लॅरिटी अ‍ॅक्टमध्येही आकड्यात दिलेलं नाही, खरा वाद तिथेच आहे. देशाच्या कर्जाची वाटणी कशी करायची ते वेगळंच. आणि क्युबेकच्या उत्तरेकडच्या क्री, इन्युइट या मूळ रहिवासी लोकांना विसरून कसं चालेल, त्यांनी १९९५ला स्वतःचं मतदान घेऊन प्रचंड बहुमताने विरोध केला होता.